५२ जीबीची हस्तलिखितं, ३६ तुकडे: कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आमच्या गावच्या वाचनालयात १९५४ ते १९७७ या काळातले २४ हस्तलिखित वार्षिक अंक आहेत. गावातल्याच लोकांनी लिहिलेले, चितारलेले, टाचून शिवलेले. प्रत्येकाची एकच प्रत. गेले चार महिने दर शनिवार-रविवार बसून त्यांचं स्कॅनिंग केलं. एकूण २१६० पानं, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत टिफ (न दाबलेलं चित्र). एक पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, दर ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे साधारण २६.१ एमबी. विंडोजमध्ये सगळा फोल्डर ५२.५ जीबी दिसतो.

आता याची दुसरी प्रत पुण्याला भाच्याकडे पोचवायची आहे. कोकणातल्या पावसात एकाच लॅपटॉपवर आणि एकाच कपाटात एवढं काम ठेवणं मला झोप लागू देत नाही. पुढच्या नोंदी लिहितोय त्या असं काम दुसऱ्या कुणी वाचनालयाने हाती घेतलं तर त्यांचे दिवस वाचावेत म्हणून.

आज सेव्हन-झिप या फाइली दाबून एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळ्याची एकच फाइल केली. कॉम्प्रेशन अल्ट्रा, सॉलिड ब्लॉक (म्हणजे काय ते पुढे येतंच) ४ जीबी. साडेचार तास लागले. ५२.५ ची ३४.१ जीबी झाली. मुखपृष्ठांचे मोबाइलवर काढलेले जेपीईजी फोटोही सोबत होते, त्यांच्यात काडीचाही फरक पडला नाही. जेपीईजी आधीच दाबलेली असते, तिला पुन्हा दाबून काही निघत नाही. ते फोटो वेगळे काढून ठेवले.

रात्री नऊला ती अख्खी फाइल क्लाउडवर चढवायला लावली. दोन वाजता लाइट गेली. सकाळी पाहिलं तर अपलोड शून्यावर.

१५ जून, रविवार

एक बाइट जास्त

एवढी मोठी फाइल एका दमात जाणार नाही हे कळल्यावर तुकडे करायचं ठरवलं. आधीच केलेली फाइल पुन्हा दाबायची गरज नसते. सेव्हन-झिपच्या फाइल मेनूत ‘स्प्लिट फाइल’ असतं, ते तयार फाइल नुसती कापतं. विळीवर दुधी चिरावा तसं. आत काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, ठरलेले बाइट मोजले की सुरी खाली. तुकड्यांच्या नावांना शेवटी .००१, .००२ असे आकडे लागतात.

क्लाउडशिवाय पेनड्राइव्हवरही एक प्रत हवी होती. ३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह आणले होते. ते फॅट-३२ (फाइली मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेले होते आणि फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एवढं मला माहीत होतं. म्हणून तुकडा ४ जीबीचाच केला. नऊ तुकडे झाले.

पहिला कॉपी करायला घेतला, तर ‘फाइल फार मोठी आहे’. दुसरा, तेच. आठव्यापर्यंत तेच. नववा, जो शेवटचा आणि अर्धवट होता, तो मुकाट गेला. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून दुसरा लावला, यूएसबीचा पोर्ट बदलला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दीड तास यात गेला.

शेवटी तुकड्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बाइट वाचले: ४,२९,४९,६७,२९६. फॅट-३२ मध्ये फाइलची लांबी लिहायला ३२ बिट असतात, त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. माझा तुकडा बरोब्बर एका बाइटने जास्त होता.

सेव्हन-झिपच्या आकाराच्या यादीत ‘४०९२एम, फॅट’ असा पर्याय याचसाठी दिलेला आहे. मी यादी न बघता हाताने ४ लिहिला. तुम्ही यादी बघा.

१६ जून, सोमवार

पेनड्राइव्हला ४०९२ एमबी चाललं असतं, पण आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तुकडा जेवढा मोठा, तेवढं पुन्हा चढवावं लागणारं ओझं मोठं. म्हणून १००० एमबीचा तुकडा धरला. ३५ भाग झाले, शेवटचा ९१८ एमबीचा. कापायला पाऊण तास. आमच्या लाइनवर एक भाग चढायला साधारण ३५ मिनिटं लागतात. म्हणजे लाइट गेली तरी नुकसान जास्तीत जास्त ३५ मिनिटांचं. फार लहान तुकडेही नकोत, साडेतीनशे फाइली मोजत बसणं हेही एक दुखणंच.

१७ ते २० जून

तीन रात्रींत १९ भाग गेले. २० तारखेला सकाळी फणसाचं झाड केबलवर पडलं. लाइन बंद.

त्याच दुपारी भाच्याचा फोन. “मामा, एकोणीस भाग उतरवले, पण उघडतच नाही. निदान पहिल्या एकोणीस भागांतली पानं तरी दिसायला हवीत ना?”

मलाही तसंच वाटत होतं, म्हणून शोधलं. सेव्हन-झिपच्या फाइलमध्ये सुरुवातीला फक्त ३२ बाइटांची एक चिठ्ठी असते. आत कुठल्या फाइली आहेत, कुठून कुठपर्यंत आहेत, ती यादी सगळ्यात शेवटी असते आणि ती कुठे सापडेल एवढंच चिठ्ठीत लिहिलेलं असतं. आमची यादी ३५व्या भागाच्या शेपटीत. तो भाग येईपर्यंत बाकीचे ३४ म्हणजे अनुक्रमणिका फाटलेला ग्रंथही नव्हे, नुसता कागदाचा ढीग. झिप फाइलचंही असंच आहे, तिचीही यादी शेवटी असते. म्हणून तर झिपचे तुकडे पाडले की पहिल्या तुकड्यांना .झेड०१, .झेड०२ अशी नावं मिळतात आणि .झिप हे मूळ नाव शेवटच्या तुकड्याकडे जातं. रार हा फाइली दाबायचा आणखी एक प्रकार, त्याची रीत वेगळी. त्यात प्रत्येक भागाला स्वतःचं डोकं असतं, आपण कितवा भाग हे तो भाग स्वतः सांगतो. मात्र त्यामुळेच रारचे भाग नुसते एकामागे एक जोडून चालत नाहीत, सेव्हन-झिपचे चालतात.

रार घ्यावं का, असा विचार केला. उघडायला फुकट आहे, पण रार फाइल बनवायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. वाचनालयाच्या कामाला मला ते नको होतं.

भाच्याला सांगितलं, “थांब, पस्तिसावा येईपर्यंत हात लावू नकोस.”

२१ जून, शनिवार

उरलेले १६ भाग (२० ते ३५) पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला मित्राच्या घरी गेलो, त्याच्याकडे फायबर आहे. सकाळी घाईत २० ते २७ कॉपी केले, तेवढ्यात लाइट आली म्हणून लॅपटॉप उचलून चार्जिंगला दुसऱ्या खोलीत नेला, पेनड्राइव्ह तसाच ओढून काढला. नंतर २८ ते ३५ कॉपी केले. मित्राकडे तीन तासांत सगळं चढलं. एसटीने संध्याकाळी परत.

२२ जून, रविवार

३५ च्या ३५ भाग पुण्यात. यादी उघडली, २१६० पानांची नावं दिसली. भाच्याने फोनवर वाचून दाखवली तेव्हा फार बरं वाटलं.

मग त्याने तपासणी चालवली आणि ‘डेटा एरर’ आली.

उलगडून पाहिलं तर ११८ पानं बाहेर आलीच नाहीत. सगळी १९७१ आणि १९७२ च्या अंकांतली, एकापाठोपाठची. मला हे पटेना, कारण बिघाड एका ठिकाणी असेल तर एखाददुसरं पान जावं. याला कारण माझा सॉलिड ब्लॉक. सॉलिड म्हणजे अनेक फाइली एका सलग दोऱ्यात ओवून दाबायच्या, पुढच्या फाइलीचं उलगडणं मागच्यावर अवलंबून. ४ जीबीच्या ब्लॉकमध्ये आमची १६४ पानं बसतात. त्यातलं ४७वं पान बिघडलं आणि तिथून पुढची सगळी गेली. हार तुटल्यावर मणी घरंगळतात तसं.

लहान लहान मजकूर-फाइली हजारोंनी असतील तर सॉलिडने खूप जागा वाचते. पण २६ एमबीच्या चित्रांना शेजारच्या चित्राचा फारसा उपयोग होत नाही. मी काही विचार न करता ब्लॉक निवडला, ही या कामातली सगळ्यात मोठी चूक.

२३ जून, सोमवार

कुठला भाग खराब आहे?

३५ पैकी कोणता भाग बिघडलाय हे सेव्हन-झिप सांगत नाही. ती आतल्या प्रत्येक फाइलीची सीआरसी (तपासणीचा छोटा आकडा) ठेवते, भागांची नाही. भाग म्हणजे नुसत्या चकत्या. सगळ्यांचा आकार दोन्हीकडे बाइटन् बाइट सारखा. मी पाठवण्याआधी प्रत्येक भागाची शा-२५६ खूण (फाइलीचा ठसा, आत एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढून ठेवली असती तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता.

आता काढायला बसलो. ३५ फाइली एकदम निवडून राइट क्लिकवरून शा-२५६ मागितलं, तर सगळ्यांची मिळून एकच खूण आली. ती काही कामाची नाही. नव्या आवृत्तीत त्याच मेनूत ‘.शा२५६’ फाइल बनवायचा पर्याय आहे, त्यात दर फाइलीची वेगळी ओळ येते. ते घ्या. लिनक्सवर त्याच फाइलीवरून ताडून पाहता येतं. माझी आवृत्ती जुनी होती, नवी उतरवायला इंटरनेट नाही. मग एकेक भाग वेगळा निवडून खुणा काढल्या आणि वहीत लिहिल्या.

रात्री फोनवर ताडणी. खूण ६४ अक्षरांची, आम्ही प्रत्येकीची शेवटची सहाच वाचत होतो. मी म्हणायचो, “सव्वीस. चार, डी, शून्य, नऊ, ए, दोन.” तो म्हणायचा, “बरोबर.” “सत्तावीस. बी, सात, सात, एक, ई, चार.” तो गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, परत सांग.” परत सांगितलं. “माझ्याकडे एफ, तीन, शून्य, सी, आठ, एक आहे.”

२७ वा भाग. पेनड्राइव्ह ओढून काढण्याआधी कॉपी झालेला शेवटचा.

पेनड्राइव्हवरची फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेवटाकडे गेलो. दाबलेल्या डेटात सगळा गोंधळ दिसतो, कुठेही नक्षी नसते. इथे शेवटचे सुमारे ३ एमबी नुसती शून्यं, ओळीवर ओळ. फाइलीची लांबी पेनड्राइव्हच्या नोंदवहीत आधीच लिहिली गेली होती, माल पोचायच्या आत मी तो ओढला. म्हणून आकार बरोबर आणि पोट रिकामं. ३ एमबीपायी ११८ पानं.

२४ जून, मंगळवार

लाइन आली. फक्त २७वा भाग पुन्हा चढवला, ३५ मिनिटं. तपासणीत एकही चूक नाही. तुकडे करण्याचा हा फायदा मात्र खरा, ३४ जीबी पुन्हा पाठवावे लागले नाहीत.

पण उलगडताना नवीन अडचण. ४१ पानं भाच्याच्या लिनक्सवर येईनात, ‘फाइलीचं नाव फार लांब’ म्हणून. माझ्या विंडोजवर तीच नावं व्यवस्थित.

मी पानांना लेखांची पूर्ण शीर्षकं दिली होती, देवनागरीत. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ अक्षरखुणांची मर्यादा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत मर्यादा २५५ बाइटांची, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्या वेगळ्या मोजायच्या. नुसतं ‘श्री’ लिहिलं तरी श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून चार खुणा, १२ बाइट. आकडेही देवनागरीत टंकले तर तीन-तीन बाइट. म्हणजे आपल्याला उणीपुरी ८५ चिन्हं मिळतात. माझ्या एका नावात ९७ होती, २९१ बाइट.

देवनागरी नावं सोडायला मी तयार नाही. ज्यांनी हे लेख लिहिले त्यांची शीर्षकं त्यांच्या लिपीतच राहायला हवीत. पण ती फाइलीच्या नावात कोंबायची नाहीत. फाइलीला वर्ष आणि पान क्रमांक, उदाहरणार्थ ‘१९६३-०४२’, आणि पूर्ण शीर्षक, लेखक, चित्रकार वेगळ्या सूचीत. सूची त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकूर-फाइलीत.

२८ आणि २९ जून

नावं बदलायची तर अर्काइव्ह, म्हणजे ती दाबलेली एकत्र फाइल, नव्याने करणं आलंच. वाईट वाटलं, पण सॉलिडचंही यात सुधारून घेता येईल.

सूची करायला पूर्ण शनिवार गेला. ग्रंथपाल बाई शेजारी बसून शीर्षकं सांगत होत्या, मी टंकत होतो. १९५८ च्या अंकातली दोन नावं पुसट होती, ती त्यांना तोंडपाठ. “हे आमच्या शाळेतल्या गुरुजींचं अक्षर,” असं म्हणून त्यांनी ओळखलेले सहा लेख आता सूचीत लेखकाच्या नावासह आहेत. स्कॅनिंग करताना हे विचारायला हवं होतं.

रविवारी नवीन अर्काइव्ह, या वेळी नॉन-सॉलिड. ३४.१ ची ३४.६ जीबी झाली. अर्ध्या जीबीच्या बदल्यात प्रत्येक पान स्वतंत्र. कुठे बिघाड झाला तर तेवढंच पान जाईल. १००० एमबीचे ३६ भाग, शेवटचा ४३० एमबीचा.

५ जुलै, शनिवार

खुणा काढून ठेवल्या तर कुठला भाग बिघडला ते कळतं, पण दुरुस्त होत नाही. दहा वर्षांनी पेनड्राइव्हवरचा एखादा भाग वाचताच आला नाही आणि मूळ फाइलीही नसल्या, तर काय करायचं?

त्यासाठी पार-२ फाइली, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा बांधता यावा म्हणून सोबत ठेवायचा जादा डेटा. रीड-सॉलोमन नावाचं गणित आहे, सीडीवर ओरखडा असूनही गाणं लागतं ते त्याच्याच जोरावर. इथे मल्टीपार हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं. १० टक्के ठेवलं, साडेतीन जीबी वाढले, दीड तास लागला. सगळ्या भागांचे मिळून २००० ठोकळे धरले आणि २०० जादा ठोकळे बनवले. १००० एमबीच्या एका भागात साधारण ५६ ठोकळे येतात, म्हणजे कोणतेही तीन भाग अख्खे हरवले तरी परत मिळावेत.

नुसतं ‘मिळावेत’ यावर समाधान होईना. ९ वा भाग दुसऱ्या फोल्डरमध्ये लपवला आणि दुरुस्ती चालवली. ५० मिनिटांनी ९ वा भाग नव्याने तयार. त्याची खूण मूळच्या खुणेशी ताडली. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. मग ९, १४ आणि ३० असे तीन लपवून पाहिले. तेही आले. चार लपवल्यावर नाही आले, ५६ चोक २२४, ठोकळे २००. हिशेब बरोबर निघाला.

६ जुलै

आषाढी. वाचनालय बंद, मी पण.

९ जुलै, बुधवार

सगळे भाग, पार-२ आणि खुणांची फाइल पुण्याला पोचली. या वेळी भाच्याने आधी खुणा ताडल्या, मग उलगडलं. २१६० पानं, सूची, सगळं. दोन्ही पेनड्राइव्हवरही प्रत झाली (२० भाग एकावर, १६ आणि पार-२ दुसऱ्यावर). दर वेळी ‘इजेक्ट’ करून, आणि परत लावून खुणा ताडून.

आतापर्यंतचा खर्च: दोन पेनड्राइव्ह ७६० रुपये, तालुक्याच्या दोन फेऱ्या आणि चहापाणी मिळून ३०० च्या आसपास. चुकांमध्ये गेलेला वेळ, चार संध्याकाळी आणि एक पूर्ण रविवार.

१२ जुलै, शनिवार

पेनड्राइव्ह वाचनालयाच्या कपाटात ठेवायचे. पण मी नसताना ते उघडणार कोण? डबीवर चिकटवायला कागद लिहिला:

“दोन्ही पेनड्राइव्हवरचं सगळं संगणकावर एकाच फोल्डरमध्ये उतरवा. निदान ९१ जीबी मोकळी जागा हवी. फाइलींची नावं बदलू नका. .००१ या फाइलीवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपने उलगडा. चूक दाखवली तर मल्टीपारमध्ये .पार२ फाइल उघडून दुरुस्ती करा.”

बाईंना म्हटलं, “मी काही बोलणार नाही, तुम्ही कागद वाचून करा.” त्यांनी केलं. उतरवायला आणि उलगडायला मिळून सव्वादोन तास लागले. १९६३ च्या अंकाचं मुखपृष्ठ पडद्यावर आलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मध्ये त्या एकदाच थांबल्या होत्या. “पहिली उघडली. आता बाकीच्या पस्तीस एकेक करून उघडायच्या ना?”

कागदावर एक ओळ वाढवली: “फक्त .००१ उघडा. बाकीचे भाग ती स्वतः शोधून घेते, ते शेजारी असले म्हणजे झालं.”